पंधरापैकी पंधरा

मेंदूची शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना, त्यांच्या हाताखालच्या निवासी डॉक्टरांना आणि डिस्चार्ज कार्ड लिहिणाऱ्या सगळ्यांना,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या कार्डावर माझ्या बाबांना पैकीच्या पैकी मार्क आहेत. 'जीसीएस १५/१५' असं ठळक लिहिलंय आणि त्याखाली 'प्रकृती समाधानकारक'. बाबांनी ३३ वर्षं गणित शिकवलं. पैकीच्या पैकी देताना त्यांचा हात कायम आखडायचा. उत्तर बरोबर आलं तरी मधल्या पायऱ्या गाळल्या म्हणून अर्धा मार्क कापणारा हा माणूस. तो स्वतः पैकीच्या पैकी घेऊन घरी आला. दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगाच्या कडेला बसून त्यांनी एक मोजा घातला आणि दुसरा हातात धरून पाऊण तास तसेच बसून राहिले.

आई आत-बाहेर करत होती. आधी तिला वाटलं, कसल्यातरी विचारात असतील. मग वाटलं, डोकं दुखत असेल. मग ती चिडली, कारण फिरायला जायचं ठरलं होतं आणि ऊन चढायला लागलं होतं. शेवटी मी सहज म्हटलं, "बाबा, दुसरा मोजा." त्यांनी लगेच घातला. म्हणजे हात चालत होते, पाय वाकत होता, मोजा कुठे घालायचा हेही ठाऊक होतं. सुरुवात तेवढी होत नव्हती.

त्या मोज्यापायी हे पत्र लिहायला बसले आहे.

शस्त्रक्रियेबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही, हे आधीच सांगून टाकते. बाबांच्या कवटीच्या तळाशी, नाकाच्या मुळाच्या वर, मेंदूच्या दोन्ही पुढच्या खंडांना दाबत मेनिंजिओमा वाढला होता. ही गाठ मेंदूच्या आवरणातून येते, बहुतेक वेळा कर्करोगाची नसते आणि वर्षानुवर्षं सावकाश वाढते. इतकी सावकाश, की बाबा गप्प होत चालले ते आम्ही निवृत्तीच्या खात्यावर टाकलं आणि वास येत नाही म्हणाले ते जुन्या सर्दीच्या. तुम्ही सात तास उभं राहून ती गाठ काढलीत. बाहेर येऊन, टोपीसुद्धा न काढता, "साधी गाठ होती, निघाली" असं सांगितलंत तेव्हा आई मटकन खाली बसली आणि रडली. तो 'साधी' शब्द आम्ही पुढे कित्येक महिने उराशी धरून होतो आणि त्यानंच आमचा घात केला. साध्या गाठीनंतर माणूसही साधासरळ बरा व्हायला हवा, असं आम्ही धरून चाललो.

जीसीएस म्हणजे काय ते मी नंतर वाचलं. १९७४ साली ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट या दोन डॉक्टरांनी शुद्ध मोजायची ही मोजपट्टी, 'ग्लासगो कोमा स्केल', मांडली. डोळे उघडण्याला ४, बोलण्याला ५, हालचालीला ६. आपणहून डोळे उघडले, आपण कोण, कुठे आहोत, कुठला महिना चालू आहे ते सांगितलं, हात उचला म्हटल्यावर उचलला, की झाले १५. आणि काहीच जमलं नाही तरी ३, कारण प्रत्येकात किमान १ मिळतोच. हे बाबांना सांगितलं तेव्हा कितीतरी दिवसांनी ते आपणहून बोलले. म्हणाले, "कोऱ्या पेपरला तीन मार्क?"

माणसाची शुद्ध किती हरपली आहे हे ठरवायला ती पट्टी चांगलीच असणार, नाहीतर इतकी वर्षं टिकली नसती. पण घरी गेल्यावर हा माणूस अंघोळीला आपणहून उठेल का, हे तिच्यात येत नाही. येणारही नाही, ती त्यासाठी केलेलीच नाही. आम्हाला हे कुणी सांगितलं नाही. आम्ही १५/१५ वाचलं आणि घरात १५/१५ चा माणूस शोधत बसलो.

डिस्चार्जच्या दिवशी एका तरुण डॉक्टरनं आम्हाला कार्ड समजावलं. त्याचे डोळे तांबारलेले होते, आदल्या सकाळपासून ड्युटीवर असावा, त्यामुळे त्याला बोल लावणं जिवावर येतं. कुठली गोळी सकाळी, कुठली रात्री, टाके कधी काढायचे, जड उचलायचं नाही, आराम करायचा, फिट आली तर संपर्क साधायचा. पाच मिनिटंही लागली नसतील. सगळ्यात उपयोगाचं वाक्य त्यात नव्हतं. ते एका सिस्टरनं व्हीलचेअर लिफ्टकडे ढकलता ढकलता आईला सांगितलं : "काकू, त्यांना एका वेळी एकच प्रश्न विचारा. आणि उत्तराची वाट बघा, घाई करू नका." त्या सिस्टरचं नाव आम्ही विचारलं नाही याची रुखरुख अजून आहे. त्या एका वाक्यावर आम्ही पहिला महिना काढला.

बाकीचं सगळं आम्ही ठेचा खात शिकलो.

रात्री तीन वाजता बाबा उठून कपाटातले कपडे खाली काढायचे, घड्या घालायचे आणि पुन्हा आत लावायचे. आम्हाला वाटलं, वेड लागतंय. मेंदूची सूज उतरावी म्हणून जे स्टेरॉइड देतात त्यानं झोप उडते, भूक खवळते, साखर वाढते, मन थाऱ्यावर राहत नाही, हे पंधरा दिवसांनी कळलं. तोवर घरातलं कुणीही सलग झोपलं नव्हतं. "डोक्यात टकटक वाजतंय" असं ते म्हणायचे आणि आई पदरानं डोळे टिपायची. कापलेला हाडाचा तुकडा टायटॅनियमच्या पट्ट्या आणि स्क्रू लावून परत बसवतात, तो जुळून येईपर्यंत अशी टकटक जाणवू शकते, आत राहिलेली हवा जिरेपर्यंत बुडबुडही ऐकू येते. हे दोन ओळींत सांगण्यासारखं आहे. दोन ओळींअभावी आम्ही तीन आठवडे घाबरून होतो.

फिटवर दिलेली गोळीही तशीच. लेव्हेटिरॅसेटॅमनं काही जणांची चिडचिड फार वाढते, हा तिचा माहीत असलेला दुष्परिणाम आहे. ज्यांनी ३४ वर्षांच्या संसारात आईला एकदाही आवाज चढवून बोललं नव्हतं, ते पाणी थोडं गार निघालं म्हणून तिच्यावर ओरडले. आईनं ते मनाला लावून घेतलं. गोळी आपल्या मनानं बंद करायची नसते, नाहीतर फिट येऊ शकते, एवढं तरी तिला ठाऊक होतं म्हणून ती बंद केली नाही. पण तुम्हाला सांगायला हवं, औषध बदलता येईल का विचारायला हवं, हे सुचायला दीड महिना गेला. ओरडण्याचा गोळीशी काही संबंध असेल, अशी शंकासुद्धा आमच्या डोक्यात नव्हती.

आणि फिट आलीच. माझ्या भावानं, दातखीळ बसेल म्हणून, त्यांच्या तोंडात बोटं घातली. त्याच्या बोटाला तीन टाके पडले. कुशीवर वळवायचं, तोंडात काहीही घालायचं नाही, आवळून धरायचं नाही, घड्याळ बघायचं आणि पाच मिनिटांवर गेली तर अॅम्ब्युलन्स बोलवायची. एवढंच असतं ते. 'फिट आल्यास संपर्क साधावा' लिहिण्याइतकीच जागा लागते.

मात्र या सगळ्यापेक्षा जड गेली ती ओपीडीतली चार मिनिटं.

सहा आठवड्यांनी आम्ही दाखवायला आलो. आईच्या पर्समध्ये चार घड्या घातलेला एक कागद होता. वहीचं पान, त्यावर अकरा मुद्दे, एकेक आकडा गोलात. मला माहीत होतं, कारण आदल्या रात्री तिनं मला ते वाचून दाखवले होते. चौथा मुद्दा : पाणी उकळायला ठेवून विसरले, पाणी आटलं, भांडं करपलं, धूर झाला तरी वास आला नाही. सातवा : माझ्यावर ओरडतात. नववा : शेजारी बघायला आले तर त्यांना तोंडावर नको ते बोलले. दहावा : कशाचंच काही वाटत नाही, स्वतःचा भाऊ गेल्याचं कळलं तरी नुसतं 'बरं' म्हणाले. हा दहावा वाचताना ती थांबली होती.

तुम्ही व्रण पाहिलात. एमआरआय उजेडावर धरलात. "छान आहे. काय काका, कसं वाटतंय?"

बाबा म्हणाले, "एकदम फर्स्ट क्लास."

"काही त्रास?"

"काही नाही."

आईचा हात पर्सच्या चेनवर होता. ती चेन तिनं उघडली नाही. नवऱ्याच्या देखत, त्याच्याच डॉक्टरला, हा असा वागतो आणि तसा बोलतो असं कोण वाचून दाखवेल? तुम्ही तिच्याकडे बघितलंत, हसलात, "काकू, आता काळजी नको" म्हणालात. तोवर पुढचा पेशंट दारात उभा होता.

बाबा खोटं बोलले नव्हते. त्यांना खरंच फर्स्ट क्लास वाटत होतं. हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, याला तुमच्याकडे नावसुद्धा आहे. बाबिन्स्की या फ्रेंच डॉक्टरनं १९१४ मध्ये 'अॅनोसॉग्नोझिया' हा शब्द काढला, तो ज्यांना अर्धांगवायू झाला आहे पण त्याचा पत्ताच नाही अशा रुग्णांसाठी. आपल्यात काय बिघडलंय हे ज्यानं कळायचं, तोच भाग दुखावलेला. मग त्याच माणसाला 'काही त्रास?' विचारून त्याच्या उत्तरावर पुढची तारीख कशी देता? गणिताच्या भाषेत सांगायचं तर उत्तर तपासायला तुम्ही तीच वही उघडताय जिच्यात चूक झाली आहे. दुसरी वही शेजारच्या खुर्चीवर बसली होती, पर्स मांडीवर घेऊन.

या काळात मी वाचत सुटले होते. फिनिआस गेज याची गोष्ट तुम्ही पहिल्याच वर्षी ऐकली असेल. १८४८ साल, अमेरिकेत रेल्वेमार्गासाठी खडक फोडण्याचं काम, २५ वर्षांचा मुकादम. सुरुंग अवेळी उडाला आणि साडेतीन फुटांहून लांब पहार त्याच्या डाव्या गालातून शिरून डोक्यातून आरपार गेली. तो जगला. पण मित्र म्हणू लागले की हा आता गेज राहिला नाही. त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टर हार्लो यांनी ते नोंदवलं आणि मेंदूचा पुढचा भाग शिकवताना आजही ही गोष्ट सांगितली जाते.

मला त्यातली उरलेली गोष्ट जास्त जवळची वाटली. हाच गेज पुढे चिलीला गेला आणि तिथे त्यानं कित्येक वर्षं घोडागाडी हाकली. ठरलेले घोडे, ठरलेला रस्ता, ठरलेल्या वेळा. नंतर तो आईकडे सॅन फ्रान्सिस्कोला आला, फिट येऊ लागल्या आणि १८६० मध्ये वारला. ही अधली-मधली वर्षं हार्लोंना ठाऊक नव्हती, त्यांचा संपर्कच तुटला होता. ती त्यांना कळली गेजच्या आईकडून. गेज लहान भाचरांना स्वतःच्या अचाट पराक्रमांच्या थापा ऐकवायचा, त्याला मुलांचा आणि जनावरांचा फार लळा होता, हे आईनं सांगितलं म्हणून हार्लोंच्या १८६८ च्या लेखात आलं. मेंदूच्या शास्त्रातला बहुधा सगळ्यात गाजलेला रुग्ण, आणि त्याच्या मागच्या काळाची साक्षीदार त्याची आई. डॉक्टरांनी तिला विचारलं, एवढं मात्र खरं.

ठरलेल्या वेळांचं महत्त्व आम्हाला पाचव्या महिन्यात कळलं, तेही योगायोगानं. भावाच्या ओळखीतून एका ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामं पुन्हा जमायला मदत करणाऱ्या, बाईंचं नाव मिळालं. त्या घरी आल्या आणि अर्धा तास काहीच न करता नुसत्या बाबांकडे बघत बसल्या. मग बाथरूमच्या आरशावर एक चिठ्ठी लावली. ब्रश. पेस्ट. दात. चूळ. टॉवेल. पाच शब्द. दुसऱ्या दिवसापासून बाबांचं दात घासणं कुणी न सांगता होऊ लागलं. आत्तापर्यंत काय चाललं होतं? आई रोज सकाळी "अहो, उठा ना" म्हणून दहा वेळा हाका मारायची आणि भाऊ समजवायचा, "बाबा, जरा मनावर घ्या, विल पॉवर लागते." ज्या जागी ती विल पॉवर तयार होते तिथेच गाठ बसली होती हो. कामाला हात घालणं, जिभेला आवर घालणं, पुढचं आखणं, हे सगळं पुढच्या खंडांचं काम, असं त्या बाईंनी आम्हाला कागदावर चित्र काढून दाखवलं. आई ते चित्र बघत राहिली. म्हणाली, "म्हणजे मुद्दाम नाही करत?"

पाच महिने ती धरून चालली होती की मुद्दाम करतात.

थकव्याचंही तसंच. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण शरीराची २० टक्क्यांच्या आसपास ऊर्जा तो एकटा खातो. दुखावलेल्या मेंदूला साधी कामं करायलाही जास्त झटावं लागतं. घरात सहा-सात जण बघायला येऊन एकदम बोलू लागले की बाबा उठून आत जायचे आणि भिंतीकडे तोंड करून पडायचे. लोकांना वाटायचं, माणूस शिष्ट झाला. आम्ही ओशाळून माफी मागायचो. आता दारावर वेळ लिहिली आहे, एका वेळी दोघांनीच यायचं, आणि टीव्ही बंद. 'आराम करा' याचा अर्थ हा असतो, हे आम्हाला कार्डावरून कसं कळावं?

तुम्हाला वेळ नसतो हे मला दिसतं. ओपीडीच्या बाहेरची रांग मी मोजली आहे. म्हणून मागणं आखूड ठेवते. दाखवायला येऊ तेव्हा सोबतच्या माणसाला पाच मिनिटं वेगळी द्या. तुम्हाला जमत नसेल तर निवासी डॉक्टरनं द्यावीत, सिस्टरनं द्यावीत. तेही अवघड असेल तर कागद बाहेर घेऊन ठेवा आणि रुग्णाला आत बोलवण्याआधी वाचा. आणि कार्डावर कुठला भाग हाताळला ते लिहिता, त्याच्या खाली त्या भागामुळे माणसात काय बदलू शकतं ते साध्या भाषेत लिहा. वास गेलेला माणूस गॅसपाशी एकटा नको, हे लिहायला एक ओळ लागते. बोलणं, लक्ष, स्मरण तपासणारे न्यूरोसायकॉलॉजिस्ट असतात, ऑक्युपेशनल थेरपिस्ट असतात, त्यांच्याकडे जा असं तुम्ही लिहिलंत तर लोक जातील. आम्ही तर तुम्ही लिहिलेली एकही गोळी चुकवली नाही.

तुम्ही म्हणाल, रुग्ण सज्ञान आहे, त्याच्या पाठीमागे त्याच्याबद्दल बोलणं बरोबर नाही. मलाही ते सोपं वाटत नाही. बाबांच्या पाठीमागे हे पत्र लिहितानासुद्धा वाटत नाही. पण यावर वाट आहे. शस्त्रक्रियेआधी तुम्ही संमतीपत्रावर त्यांच्या सह्या घेतल्याच होत्यात. त्याच वेळी अजून एक घ्या : 'नंतर माझ्या वागण्यात काही फरक दिसला तर घरचे डॉक्टरांशी वेगळं बोलू शकतील.' त्या दिवशी तब्येतीच्या मानानं बाबा पुष्कळ भानावर होते. विचारलं असतं तर त्यांनी आधी वाक्यातलं व्याकरण सुधारलं असतं आणि मग सही केली असती.

आता चौदा महिने झाले. फिटची गोळी बदलल्यावर ओरडणं कमी झालं. वास परत आला नाही, येईल असं आता वाटत नाही. मोजे दोन्ही पायांत जातात. मधूनच जुने बाबा डोकावतात, मग दोन-दोन दिवस नाहीसे होतात. आईचं वजन कमी झालंय आणि तिला ते विचारणारं कुणी नाही, ते आमचंच काम आहे, तुमच्यावर ढकलत नाही.

गेल्या रविवारी तो कागद पर्समधून पडला आणि बाबांना सापडला. मी स्वयंपाकघरात होते. बाहेर आले तेव्हा ते टेबलाशी बसले होते, चष्मा नाकावर, हातात लाल पेन. ते पेन त्यांनी आपणहून शोधून काढलं होतं, कुणी सांगितलं नव्हतं. आईच्या ऱ्हस्व-दीर्घाच्या दोन चुका त्यांनी आधी सुधारल्या. मग एकेका मुद्द्यापुढे खूण करत गेले. चौथ्यापुढे फुली, आणि शेरा : 'भांडं जुनं होतं.' सातव्यापुढे फुली : 'ओरडलो नाही. मोठ्यानं बोललो.' नवव्यापुढे फुली : 'खरं तेच बोललो.' दहाव्यापुढे पेन बराच वेळ टेकवून ठेवलं आणि मग बरोबरची खूण केली.

खाली गोल करून मार्क दिलेत. ११ पैकी ८.

आमची पुढची तारीख याच महिन्याच्या शेवटी आहे. त्या आठ मुद्द्यांवर बाबांच्या समोरच बोलू, आता त्यांची हरकत नसावी. राहिलेल्या तिनांसाठी आईला पाच मिनिटं वेगळी द्या.

आपली,
एका रुग्णाची मुलगी